दवाखान्यातून दूरध्वनीकडे : एका स्त्रीवैद्याच्या कार्याचा अभ्यास

१. विषयप्रवेश

मनुष्य आजारी पडला म्हणजे तो वैद्याकडे जातो. वैद्य नाडी पाहतो, प्रश्न विचारतो, औषध देतो. वैद्यकीचे हे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु वैद्यकीचे आणखीही एक रूप आहे, आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. एखाद्या वैद्याला आपल्या कामात वारंवार एकच अडचण येते. ती अडचण एका रोग्यापुरती नाही, हजारोंची आहे, असे त्याच्या ध्यानात येते. मग तो ती दूर करण्यासाठी एखादे साधन किंवा एखादी योजना तयार करतो. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून एका रोगिणीच्या हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप जन्माला आला. लेनेक यंत्रकार नव्हता. त्याला नीट ऐकू येत नव्हते, एवढीच त्याची अडचण होती.

आजच्या काळात अशा साधनांच्या शास्त्राला आरोग्य-तंत्रज्ञान असे नाव मिळाले आहे. रोग्यांवर उपचार करणारा वैद्य या क्षेत्राकडे का वळतो, तेथे जाताना तो आपल्याबरोबर काय नेतो, आणि तेथे गेल्यावर त्याला नवे काय शिकावे लागते, हे या पाठात एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहावयाचे आहे. हे उदाहरण मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांचे आहे. त्यांनी सुरू केलेल्या कामाचा आणि त्यासारख्याच एका शासकीय योजनेचा मध्य प्रदेशाशी निकटचा संबंध आहे. म्हणून आरंभ आपण तेथूनच करू.

२. प्रश्नाचे स्वरूप

जबलपूर शहराच्या जुन्या बाजारपेठेत कमानिया गेट नावाची वेस उभी आहे. १९३९ सालच्या मार्च महिन्यात शहराजवळील त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्याच्या स्मरणार्थ ही वेस बांधण्यात आली. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने इतके आजारी होते, की त्यांना निजल्या अवस्थेतच मंडपात न्यावे लागले. जबलपुरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, आणि पुढे १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती.

१९५६ साली प्रांतांची फेररचना झाली आणि या दोन शहरांच्या मधून राज्याची सीमा गेली. आज त्या सीमेच्या दोन बाजूंचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांतला फरक पाहून मन अस्वस्थ होते. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत त्या अवस्थेशी संबंधित कारणाने स्त्रीचा मृत्यू झाला, तर त्यास मातामृत्यू म्हणतात. दर एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू होतात, त्यावरून मातामृत्यूचे प्रमाण ठरते. २००४-०६ या काळात भारतात हे प्रमाण २५४ होते. २०१८-२० या काळात ते ९७ वर आले. ही प्रगती मोठीच आहे. तथापि त्याच २०१८-२० या काळात महाराष्ट्रात हे प्रमाण ३३, तर मध्य प्रदेशात १७३ होते. सीमेच्या एका बाजूस एक माता दगावते, तेव्हा दुसऱ्या बाजूस पाच दगावतात, असा याचा अर्थ होतो.

यांतील बहुतेक मृत्यू अटळ नसतात. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. पंडुरोगामुळे, म्हणजे अंगात रक्त कमी असल्यामुळे, त्यांचा धोका वाढतो. या प्रत्येकावर उपाय ज्ञात आहेत, आणि ते फार महागही नाहीत. मग स्त्रिया का मरतात?

३. तीन विलंब

या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन संशोधिकांनी मांडले. अडलेल्या स्त्रीचा जीव तीन प्रकारच्या विलंबांमुळे जातो, असे त्यांनी दाखवून दिले. धोका ओळखून दवाखान्यात जावे की नाही, हे ठरविण्यात लागणारा वेळ हा पहिला विलंब. दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात जाणारा वेळ हा दुसरा. तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळेपर्यंत जाणारा वेळ हा तिसरा.

दुसऱ्या विलंबावर रस्ता आणि वाहन हे उपाय आहेत. तिसऱ्यावर डॉक्टर, परिचारिका, रक्त आणि औषधे हवीत. पहिल्या विलंबाचे स्वरूप मात्र वेगळे आहे. तो घरात घडतो. गरोदर स्त्रीचे डोके सतत दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातापायांबरोबर तोंडावरही सूज येते. ही वाढत्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. परंतु 'गरोदरपणात असे व्हायचेच' म्हणून घरातील वडीलधारी मंडळी तिला पडून राहावयास सांगतात. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली, तरी सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. येथे उणीव औषधाची नाही. वेळेवर मिळालेल्या माहितीची आहे.

ही माहिती द्यावयाची कोणी? शास्त्राच्या दृष्टीने ते प्राथमिक आरोग्यसेवेचे काम आहे. गावातील 'आशा' कार्यकर्ती, उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांनी गरोदरपणाच्या प्रत्येक टप्प्यावर स्त्रीला समजावून सांगावयाचे असते. 'आशा' ही योजना २००५ साली सुरू झाली आणि तिने बाळंतपणे दवाखान्यांत होण्याच्या कामी मोठा हातभार लावला. तथापि बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरपुढे लांबलचक रांग असते. रक्तदाब मोजणे, पोट तपासणे, गोळ्या लिहून देणे एवढ्यातच प्रत्येकीच्या वाट्याची मिनिटे संपून जातात. समजावून सांगणे राहून जाते.

४. डॉ. हेगडे यांची वाट

डॉ. अपर्णा हेगडे यांनी प्रसूतिशास्त्राचे शिक्षण मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करीत घेतले. हे रुग्णालय धारावीसारख्या दाट वस्तीजवळ आहे, आणि तेथे मुंबईबाहेरून पाठविलेल्या अवघड स्थितीतील स्त्रियाही येतात. निवासी डॉक्टर हा रुग्णालयाचा कणा असतो. रात्रंदिवस प्रसूतिकक्षात तोच उभा असतो. वेळेवर चार शब्द कळले असते तर ज्यांचा जीव वाचला असता, अशा स्त्रिया त्यांना तेथे पाहावयास मिळाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत अधिक अभ्यास केला आणि स्त्रियांच्या मूत्रमार्गाशी संबंधित रोगांच्या त्या तज्ज्ञ झाल्या. शीवच्या रुग्णालयातील अनुभव मात्र त्यांच्या मनातून गेला नाही. २००८ साली त्यांनी मुंबईत 'अरमान' ही संस्था स्थापन केली. माता आणि बालके यांचे मृत्यू व आजार कमी करणे हा तिचा हेतू.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डॉ. हेगडे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर नव्हत्या. त्या रुग्णालयातील तज्ज्ञ होत्या. परंतु प्राथमिक सेवेतील त्रुटींचा शेवट कोठे होतो, ते मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षातच दिसते. नदीला पूर आल्यावर वाहून जाणाऱ्यांना बाहेर काढणे हे एक काम. वरच्या अंगाला बांध कोठे फुटला हे पाहून तो दुरुस्त करणे हे दुसरे. त्यांनी दुसरे काम हाती घेतले, आणि पहिलेही सोडले नाही. संस्था उभी राहिल्यावरही त्यांनी आपली वैद्यकी चालू ठेवली.

५. साधनाची निवड

नवे साधन निर्माण करताना पहिला प्रश्न असतो तो हा, की ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्या हाती आज काय आहे? शतकाच्या पहिल्या दशकात भारतात मोबाइल फोन झपाट्याने पसरला. दवाखाना दूर होता, पण फोन घरात आला होता. तेव्हा माहिती फोनवरून पोहोचवावी, हा विचार ओघानेच आला.

दुसरा प्रश्न असा, की ती लिहून पाठवावी की बोलून? लेखी निरोप स्वस्त पडतो. परंतु ज्या स्त्रियांना त्याची सर्वांत अधिक गरज, त्यांपैकी अनेकींना वाचता येत नाही, आणि साध्या फोनवर देवनागरी अक्षरे उमटतीलच असेही नसते. बोललेला शब्द मात्र सर्वांना कळतो. म्हणून 'एम-मित्र' ही ध्वनिमुद्रित निरोपांची सेवा आखण्यात आली. मुंबईतील दवाखान्यांत आणि वस्त्यांत गरोदर स्त्रियांची नावनोंदणी होते. स्त्री आपली भाषा सांगते, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी फोन यावा तेही सांगते. त्यानंतर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा तिला फोन येतो. तिला एक पैसाही पडत नाही. ज्या महिन्यात ती आहे त्याच महिन्याची माहिती तिला मिळते. लोहाच्या गोळ्या का घ्यावयाच्या, कोणत्या लक्षणांना धोका समजावयाचे, बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात स्तनपान का करावयाचे, लस केव्हा टोचावयाची, असा क्रम बाळ वर्षाचे होईपर्यंत चालतो.

यामागील यंत्रणा समजावयास कठीण नाही. संगणकात प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे प्रसूतीची अपेक्षित तारीख नोंदलेली असते. त्या तारखेवरून आजचा आठवडा कितवा हे संगणक काढतो, त्या आठवड्याचा मुद्रित निरोप निवडतो, आणि ठरलेल्या वेळी तिचा क्रमांक जोडतो. फोन उचलला गेला नाही, तर तो पुन्हा प्रयत्न करतो. किती सेकंद ऐकले गेले याचीही नोंद होते. ही शेवटची नोंद पुढे फार उपयोगाची ठरली. तिच्याविषयी सातव्या भागात पाहू.

याच धर्तीची शासकीय योजना म्हणजे 'किलकारी'. तिचा आरंभ बिहारमध्ये एका प्रयोगाच्या रूपाने झाला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती अनेक राज्यांत सुरू केली. मध्य प्रदेशातील मागास जिल्हे पहिल्याच टप्प्यात होते. चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे एकूण ७२ निरोप तीत असतात. प्रत्येक सुमारे दोन मिनिटांचा असतो. बोलणारी व्यक्ती म्हणजे 'डॉक्टर अनिता' नावाची एक कल्पित स्त्रीवैद्य. ऐकणारीला यंत्र बोलते आहे असे न वाटता आपल्या ओळखीची डॉक्टरीणबाई बोलते आहे असे वाटावे, हा त्यातील हेतू. 'आशा' कार्यकर्तींसाठी याच पद्धतीचा २४० मिनिटांचा ऐकण्याचा अभ्यासक्रमही आहे. २०१९ पासून या दोन्ही योजना चालविण्याच्या कामी 'अरमान' शासनाची सहकारी आहे. एका स्त्रीवैद्याने मुंबईत सुरू केलेल्या प्रयत्नाचा धागा असा देशव्यापी योजनेशी जोडला गेला.

६. फोन कोणाच्या खिशात?

यंत्र बिनचूक चालले म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. समजा, कमानिया गेटजवळच्या एका दुकानात काम करणारा एक गृहस्थ आहे. त्याची पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे. घरात फोन एकच, आणि तो त्याच्या खिशात. दुपारी दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना फोन वाजतो आणि एक अनोळखी बाई बाळंतपणाविषयी बोलू लागते. तो गृहस्थ फोन बंद करतो. संगणकाच्या नोंदीत 'फोन उचलला' असे लिहिले जाते; पत्नीच्या कानी मात्र एक शब्दही पडत नाही.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील परिस्थिती खरी आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांना विचारण्यात आले, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल फोन तुमच्याजवळ आहे काय? साऱ्या देशात सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी 'होय' म्हटले. मध्य प्रदेशात हे प्रमाण सुमारे ३८ टक्केच होते. म्हणजे जेथे मातामृत्यू अधिक, तेथेच स्त्रीच्या हाती फोन कमी. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे : स्त्रीचे घरातील स्थान. ते एकट्या यंत्राने बदलत नाही.

तंत्रज्ञाची खरी परीक्षा येथे होते. वेळ निवडण्याची मुभा स्त्रीला का दिली, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. पती संध्याकाळी घरी आल्यावर फोन आला, तर तो तिच्या हाती पडण्याचा संभव वाढतो. ही युक्ती यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. ज्याला रोगिणीच्या घरची दिनचर्या ठाऊक आहे, त्यालाच ती सुचते.

७. गळती आणि गणित

काही आठवड्यांनंतर अनेक स्त्रिया निरोप ऐकणे सोडून देतात, असे अनुभवास आले. क्रमांक बदलतो, फोन बिघडतो, कंटाळा येतो, सासरहून माहेरी जाणे होते. अशा स्त्रीला संस्थेतील कार्यकर्तीने स्वतः फोन करून दोन शब्द बोलले, तर ती पुन्हा ऐकू लागण्याचा संभव असतो. परंतु कार्यकर्त्या मोजक्या आणि स्त्रिया हजारो. या आठवड्यात कोणाला फोन करावयाचा?

हा प्रश्न गणिताचा आहे. त्याचे मूळ एका जुन्या कोड्यात सापडते. जुगाराच्या यंत्राला एक दांडा असतो. इंग्रजी बोलीत त्या यंत्राला 'एकहाती लुटारू' म्हणतात. समोर अशी अनेक यंत्रे आहेत आणि हाती नाणी थोडी. कोणता दांडा ओढावा? केंब्रिजचे गणिती पीटर व्हिटल यांनी १९८८ साली या कोड्याचा एक अवघड प्रकार अभ्यासला. त्यात यंत्रे स्वस्थ बसत नाहीत. तुम्ही हात लावला नाही तरी त्यांची स्थिती बदलत राहते. गरोदर स्त्रियांचेही तसेच आहे. आज ऐकणारी उद्या सोडून देईल, सोडून दिलेली आपण होऊन पुन्हा ऐकू लागेल.

एक सोपे उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. तीन स्त्रिया आहेत. पहिली फोन न करताही पुढील आठवड्यात ऐकत राहण्याचा संभव शंभरात ९० आहे. फोन केल्यास ९५. दुसरीच्या बाबतीत फोन न केल्यास २०, केल्यास ६०. तिसरीच्या बाबतीत न केल्यास १०, केल्यास १५. आपल्याजवळ एकच फोन करण्याएवढा वेळ आहे. सर्वांत वाईट स्थिती तिसरीची आहे, म्हणून तिला करावा असे प्रथम वाटते. परंतु फोनचा लाभ पहिलीस ५, तिसरीसही ५, आणि दुसरीस ४० आहे. तेव्हा फोन दुसरीला केला पाहिजे. कोण अधिक संकटात आहे, एवढेच पाहून चालत नाही. आपल्या प्रयत्नाने कोणाचे अधिक भले होईल, तेही पाहावे लागते. पुढील अनेक आठवड्यांचा विचार करून प्रत्येकीसाठी असा लाभाचा अंक काढण्याची रीत व्हिटल यांनी दिली.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक मिलिंद तांबे आणि त्यांचे गूगल संशोधन विभागातील सहकारी यांनी 'अरमान'बरोबर ही रीत प्रत्यक्षात आणली. आधीच्या स्त्रियांच्या ऐकण्याच्या नोंदींवरून कोणत्या परिस्थितीतील स्त्री कशी वागते, याचे अंदाज संगणकाने बांधले. २०२१ साली २३,००३ स्त्रियांचे तीन गट करून सात आठवडे चाचणी घेण्यात आली. पहिल्या गटाला जादा फोन केले नाहीत. दुसऱ्यात ओळीने एकेकीला फोन केले. तिसऱ्यात संगणकाने निवडलेल्यांना केले. ज्या दोन गटांत फोन केले, त्यांत दर आठवड्यास २२५ फोन होते. एका आठवड्यात एखादा निरोप ३० सेकंदांहून अधिक ऐकला, तर ती स्त्री ऐकणारी मानली. निष्कर्ष असा निघाला, की ओळीने केलेल्या फोनांचा फारसा उपयोग झाला नाही. संगणकाच्या निवडीने मात्र गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. कार्यकर्त्या तेवढ्याच, फोन तेवढेच. फरक केवळ निवडीचा. २०२२ पासून ही रीत प्रत्यक्ष कामात वापरण्यास आरंभ झाला.

८. शास्त्राची कसोटी

'ऐकले' म्हणजे 'केले' नव्हे, आणि 'केले' म्हणजे 'जीव वाचला' असेही नव्हे. शास्त्राच्या अभ्यासकाने या पायऱ्या एकमेकींत मिसळू नयेत. वरील चाचणीत ऐकणे मोजले गेले, आरोग्य नव्हे.

निरोपांमुळे आचरण बदलते काय, याची कसोटी किलकारी योजनेबाबत मध्य प्रदेशातच घेण्यात आली. होशंगाबाद (हल्लीचे नर्मदापुरम), मंदसौर, राजगढ आणि रीवा या चार जिल्ह्यांतील ५,०९५ गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाला निरोप मिळाले, दुसऱ्याला नाहीत. निष्कर्ष संमिश्र आला. केवळ स्तनपान देण्याच्या प्रमाणात दोन गटांत एकंदरीने फरक दिसला नाही. दोन मुलांत अंतर ठेवण्याच्या तात्पुरत्या साधनांचा वापर मात्र निरोप मिळालेल्या गटात काही टक्क्यांनी अधिक आढळला. शिवाय ही चाचणी फोन हाताशी असलेल्या स्त्रियांपुरती होती. ज्यांच्याजवळ फोनच नाही त्या तिच्या बाहेर राहिल्या.

या निष्कर्षाने निराश होण्याचे कारण नाही, आणि तो झाकून ठेवण्याचेही नाही. लक्षावधी स्त्रियांपर्यंत अल्प खर्चात पोहोचणाऱ्या साधनाने थोडा बदल घडविला, तरी एकूण लाभ मोठा असू शकतो. परंतु निरोप हा दवाखान्याला पर्याय नाही. पहिला विलंब टळून स्त्री उपकेंद्रात पोहोचली आणि तेथे कुलूप असले, तर तिला दिलेली माहिती व्यर्थ गेली असेच म्हणावे लागेल.

९. अन्य उदाहरणे

ही वाट चालणाऱ्या डॉ. हेगडे एकट्याच नाहीत. अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲपगर या भूलतज्ज्ञ होत्या. नवजात बाळाची स्थिती झटपट आणि सर्वांनी सारख्याच रीतीने कशी ठरवावी, ही त्यांच्यापुढील अडचण होती. १९५२ साली त्यांनी एक तक्ता मांडला. त्यात हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि वर्ण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे असतात. हा तक्ता आज जगभर वापरला जातो. पुढे १९५९ साली त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, आणि शस्त्रक्रियागृह सोडून जन्मजात व्यंगांच्या प्रतिबंधाच्या कामास वाहून घेतले.

महाराष्ट्रात गडचिरोली येथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. डॉ. राणी बंग याही स्त्रीरोगतज्ज्ञच. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत अशा सुइणींनाही बालकाचा न्युमोनिया ओळखता यावा, म्हणून त्यांच्या संस्थेत मण्यांची एक साधी चौकट तयार झाली. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवावयाचा. एका मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर श्वास वेगाने चालू आहे असे समजावयाचे. गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने ३९ गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. तक्ता, मणी आणि संगणक यांत साधन म्हणून मोठे अंतर आहे. पण तिन्ही साधने एका वैद्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या अडचणीतून निघाली आहेत.

१०. वैद्याने काय नेले, काय शिकले

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वैद्य तंत्रज्ञानाकडे जाताना आपल्याबरोबर तीन गोष्टी नेतो. पहिली, रोगाचे ज्ञान : कोणत्या आठवड्यात कोणता धोका संभवतो, हे त्याला ठाऊक असते. दुसरी, रोग्याचे ज्ञान : तो काय लपवितो, कशाला भितो, घरी कोणाचे ऐकतो. तिसरी, चुकीच्या परिणामाची जाणीव : निरोपातील एक चुकीचा शब्द लक्षावधी कानांत जाईल, हे भय त्याला सावध ठेवते.

त्याला नव्याने शिकावे लागते तेही थोडे नाही. दवाखान्यात तो एका रोग्याचा विचार करतो. येथे लोकसमूहाचा विचार करावा लागतो. तेथे रोगी बरा झालेला डोळ्यांना दिसतो; येथे लाभ केवळ आकड्यांत दिसतो, आणि तोही तुलनेचा गट ठेवल्याशिवाय खरा मानता येत नाही. तेथे त्याचा शब्द अखेरचा असतो. येथे गणिती, ध्वनितज्ज्ञ, शासकीय अधिकारी आणि 'आशा' कार्यकर्ती यांच्याबरोबर बसून काम करावे लागते. अखेरचे म्हणजे, आपले साधन अपुरे ठरले तर तसे उघडपणे सांगण्याची तयारी ठेवावी लागते.

एके काळी या देशात स्त्रीने वैद्य होणे हीच अपूर्व गोष्ट होती. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली, तेव्हा पुरुष वैद्यासमोर आपले दुखणे उघड करण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांना स्त्रीवैद्य मिळावी, हा त्यांचा हेतू होता. आज स्त्रीवैद्य पुष्कळ आहेत. ज्या घरापर्यंत त्या स्वतः जाऊ शकत नाहीत, तेथे त्यांचे ज्ञान कसे पोहोचवावे, हा आजचा प्रश्न आहे. तो सुटण्यास यंत्र हवे, गणित हवे आणि उघडा दवाखानाही हवा. त्यांपैकी एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

स्वाध्याय

१. मातामृत्यूस कारण होणारे तीन विलंब कोणते? ध्वनिमुद्रित निरोपाने त्यांपैकी कोणता कमी होऊ शकतो, व कोणते होऊ शकत नाहीत?

२. सातव्या भागातील उदाहरणात आपल्याजवळ दोन फोन करण्याएवढा वेळ असता, तर दुसरा फोन कोणाला केला असता? कारणे द्या.

३. मध्य प्रदेशातील चाचणीत फोन नसलेल्या स्त्रियांचा समावेश नव्हता. त्यामुळे निष्कर्षांच्या अर्थावर कोणती मर्यादा येते?

४. आपल्या गावातील किंवा वस्तीतील आरोग्यसेविकेला भेटून, तिला रोजच्या कामात कोणती एक अडचण वारंवार येते ते विचारा. ती दूर करण्यासाठी एखादे साधे साधन सुचवा, आणि त्याचा उपयोग झाला किंवा नाही हे कसे मोजाल ते लिहा.